अंदाजाला 'किती?', अनुमानाला 'कशावरून?'

पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल धरली. भिंतीपलीकडे शेजारच्या अक्कांचं न्हाणीघर. अक्का बैलहोंगलकडच्या, मराठी सगळं कळतं, बोलतात मात्र कन्नड. मी आपला सरळ जाऊन म्हणालो, "अक्का, ओल तुमच्या बाजूनं येतेय असं माझं अनुमान आहे." त्यांचा चेहराच उतरला. "नन म्याल अनुमान एनरी?" म्हणजे, 'माझ्यावर अनुमान की काय?'

कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय. कन्नड पेपरात 'अनुमानास्पद सावु' असा मथळा असतो, तो आपला संशयास्पद मृत्यू. म्हणजे मी त्यांच्या दारात उभा राहून त्यांच्यावरच संशय घेत होतो! हिंदीत हाच शब्द तिसरीकडे जातो, अंदाजाकडे: 'मौसम का पूर्वानुमान'. बेळगावात दिवसभर तिन्ही भाषा कानावर पडतात, त्यामुळे हा शब्द वापरताना इथं जरा जपूनच राहावं लागतं.

अंदाज हा फारसीतून आलेला, मापाचा शब्द. आमटीत मीठ अंदाजानं पडतं. लग्नाला किती पानं उठतील याचा अंदाज बांधतात, आणि तो चुकला तर भात तरी उरतो नाहीतर यजमानाची पळापळ तरी होते. अंदाजाला कुणी पुरावा मागत नाही. अगदीच हवेतला असला तर 'अंदाजपंचे दाहोदरसे' म्हणून हसून सोडून देतात.

अनुमानाला ही सवलत नाही. 'अनु' म्हणजे मागून: आधी काहीतरी दिसतं, मग त्याच्या आधारानं न दिसलेलं कळतं. म्हणून अंदाज बांधायचा असतो आणि अनुमान काढायचं असतं. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं, म्हणजे खरं ज्ञान मिळवायची साधनं, मानली आहेत. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं आग आहे, हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. धूर हा हेतू, म्हणजे ज्यावरून कळतं ती खूण. आणि जिथं धूर तिथं आग हे आधीपासून पक्कं ठाऊक असावं लागतं, त्याला व्याप्ती म्हणतात. ती ढिली असेल तर अनुमान कोसळतं.

मला डोंगरापेक्षा न्यायदर्शनातलंच नदीचं उदाहरण जवळचं वाटतं. नदी फुगून गढूळ झाली, तर वर पाऊस झाला असणार; परिणामावरून कारण ओळखणं, याला शेषवत अनुमान म्हणतात. बेळगावजवळच्या कंग्राळीला मार्कंडेय नदीचं पाणी लाल होऊन चढलं, गावात थेंब नसला, तरी म्हातारी माणसं म्हणतात, "वर लागलाय." यात अंदाज कुठंच नाही. मात्र पाऊस किती इंच पडला असेल हे विचारलंत, की त्याच माणसाला अंदाजच करावा लागतो.

गंमत म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांतच, यावर आक्षेप घेतलाय: पाणी कुठं अडवल्यामुळेही नदी फुगू शकते, मग पाऊस झाला हे कशावरून? आपल्याकडे तर वर राकसकोपचं धरणच आहे. त्यावर उत्तर असं, की अडवलेल्या पाण्याचा फुगवटा वेगळा आणि पावसाचा पूर वेगळा. पुराला ओढ असते, फेस असतो, वाहत आलेली पानं-लाकडं असतात. नुसतं 'पाणी वाढलं' एवढा हेतू पुरत नाही, पाणी कसं वाढलं तेही बघावं लागतं.

मराठीत सगळं इतकं काटेकोर चालतं असं मी म्हणणार नाही. हवामानाचा अंदाज शास्त्रानं काढतात, तरी त्याला अंदाजच म्हणायची पद्धत आहे आणि ती ठीक आहे. 'अनुमानित खर्च' मात्र मला खटकतो. तो हिंदीतून उचललेला, आपला 'अंदाजे खर्च' चांगला आहे. कयास आणि अटकळ अंदाजाच्या घरातली, आणि सगळे पुरावे तपासून झाल्यावर जो उरतो तो निष्कर्ष.

अक्कांची समजूत घालायला मला कन्नड 'अंदाजु' कामी आला. शेवटी प्लंबरनं फरशी फोडली. गळत होता तो आमच्याच सिंकखालचा जॉइंट. पलीकडे न्हाणीघर आहे, म्हणून ओल तिथूनच, एवढीच माझी व्याप्ती; आमच्या बाजूलाही पाण्याचा पाइप जातो हे मी बघितलंच नव्हतं.