सोळा तासांचा हिशोब: 'तास' या शब्दामागची पार्श्वभूमी

नवीन शैक्षणिक धोरणाचं टाइमटेबल लागल्यापासून खान्देशातल्या बहुतेक कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये एकच विषय चालू आहे, वर्कलोड, म्हणजे आठवड्याला शिकवायचे सोळा तास, भरला का. मेजर-मायनर, व्हीएससी, एसईसी, आयकेएस असल्या नावांच्या नवीन विषयांची भर पडली आणि जुन्या पेपरांचे तास गेले कुठे ते शोधत सगळे कागद पसरून बसलेत. ज्याचा सोळा भरतो तो गप्प, ज्याचा नाही भरत त्याची झोप उडालेली. बाहेरच्या माणसाला यातलं ओ की ठो कळत नाही. "आठवड्याला सोळा तास म्हणजे काय काम झालं सर, आम्ही दुकानात दीड दिवसात तेवढं उभं राहतो," हा टोमणा आमच्या गल्लीतला किराणावाला मला गेली वीस वर्षं मारतोय. त्याला उत्तर द्यायचं तर आधी 'तास' म्हणजे काय ते सांगावं लागतं, आणि गोची तिथेच आहे.

जुना भाग पटकन उरकतो. १९४५ साली अमळनेरला प्रताप कॉलेज आणि जळगावला मू. जे. कॉलेज निघालं, त्याआधी पदवीसाठी नाशिक, पुणं नाहीतर मुंबई गाठावी लागायची. ही कॉलेजं सुरुवातीला मुंबईला जोडलेली, १९४९ ला पुण्याचं विद्यापीठ झाल्यावर पुण्याला. मग चाळीस वर्षं अप्रूव्हल, मीटिंग, पेपर तपासणी, सगळ्यासाठी पुणं, म्हणजे रात्रीची गाडी धरायची आणि सकाळी तिथे उतरून स्टँडवरच तोंड धुवायचं. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला स्वतंत्र उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, २०१८ ला त्याला बहिणाबाईंचं नाव लागलं, बोलताना मात्र अजून सगळे 'उमवि'च म्हणतात. रिटायर झालेले सर लोक आजही 'पुणं असताना' असं म्हणून काळ सांगतात, जसं शेतकरी बहात्तरच्या दुष्काळावरून सांगतो.

माझी नोकरी १९९७ ची, त्यामुळे मला नीट माहीत आहे ते तिथून पुढचं. आमचं तालुक्याचं कॉलेज सकाळचं. पहिला तास साडेसातला, दुसरा ८.१८ ला, तिसरा ९.०६ ला, चौथा ९.५४ ला. नवीन पोरांना हे आकडे बघून हसू यायचं. घंटा म्हणजे रेल्वेरुळाचा तुकडा, व्हरांड्यात तारेने टांगलेला, आणि ती वाजवणाऱ्या शिपाई आबांनी या सगळ्या वेळा एका पोस्टकार्डावर लिहून ते कार्ड घड्याळाच्या मागे खोचून ठेवलेलं. तास ४८ मिनिटांचा का, असं मी लागलो तेव्हा एका सिनियर सरांना विचारलं, तर त्यांनी खडूने फळ्यावरच करून दाखवलं: २० पिरियड गुणिले ४८ म्हणजे ९६० मिनिटं, भागिले ६०, बरोबर १६. म्हणजे शिकवायचे २० आणि कागदावर मोजायचे १६. गणित एकदम चोख, फक्त दोन्हीकडे शब्द 'तास' हाच.

मराठीत ही अडचण आहेच. तास म्हणजे साठ मिनिटंही आणि तास म्हणजे पिरियडही. पोरं दारात येऊन "सर, आज तास शे का?" विचारतात तेव्हा कोणाचा गोंधळ होत नाही, पण सरकारी कागदावर होतो. म्हणून पिरियडला 'तासिका' म्हणायची पद्धत पडली, घड्याळाचा तो तास आणि वर्गातली ती तासिका. इथवर ठीक होतं. पुढे कायम जागा न भरता माणसं घ्यायची जी पद्धत आली तिचं इंग्रजी नाव क्लॉक आवर बेसिस, म्हणजे चक्क घड्याळी तास, आणि मराठीत तिला नाव दिलं 'तासिका तत्त्व'. जो शब्द घड्याळी तासापासून वेगळं करायला काढला तोच घड्याळी तासाला चिकटवला. कोणी केलं माहीत नाही, मुद्दाम केलं असंही मी म्हणत नाही, पण त्याची किंमत कोणी मोजली ते मी बघितलंय.

सीएचबीवाल्याला, म्हणजे या क्लॉक आवर बेसिसवर घेतलेल्या माणसाला, आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तासिका आणि पैसे त्या तासांवर. एका कॉलेजात, नाव नको, टाइमटेबल ४८ मिनिटांचं होतं आणि बिल करणाऱ्या क्लार्कने ९ गुणिले ४८ केलं, ४३२ मिनिटं, भागिले ६०, आणि बिलात लिहिलं ७.२. तो पोरगा, पोरगा कसला, तेव्हा पस्तिशीचा, सेट ही प्राध्यापकीची राज्याची पात्रता परीक्षा पास झालेला, पीएचडीचा प्रबंध सबमिट केलेला, बिल घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, सर हे पॉइंट दोन म्हणजे मी नेमकं काय शिकवलं? कायम माणसाला ४८ मिनिटांनी २० चे १६ होतात त्याचं काही जात नाही, त्याचा पगार महिन्याचा आहे. याचे ९ चे ७.२ झाले की थेट खिशातून जातात. शेवटी प्राचार्यांनी त्याला सांगितलं की तू तुझा तास साठ मिनिटं घेत जा. म्हणजे घंटा झाल्यावर आणखी बारा मिनिटं, दारात पुढच्या तासाचे सर उभे. एक आठवडा घेतला त्याने तसा, मग पोरंच उठून जायला लागली. प्रॅक्टिकलचा दर तर थिअरीपेक्षाही कमी, तिकडे मी जातच नाही.

आता सोळा या आकड्याकडे. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमात आठवड्याचे ४० तास काम, वर्षाला ३० आठवडे, रोज किमान पाच तास कॉलेजात, आणि त्यातलं प्रत्यक्ष शिकवणं सहायक प्राध्यापकाला १६ तास, सहयोगी आणि प्राध्यापकाला १४ तास असं धरलंय. (याच नियमाने 'अधिव्याख्याता' गेला आणि सहायक प्राध्यापक आला. आपल्याकडे त्याने काही फरक पडला नाही, इथे अकरावी-बारावीला शिकवणाराही पत्रिकेवर 'प्रा.' छापतोच.) म्हणजे सोळा हा कामाचा आकडा कधी नव्हताच, तो चाळीसमधला एक तुकडा आहे. पण किराणावाल्याला राहू द्या, मंत्रालयात सुद्धा पोस्ट द्यायची वेळ आली की फक्त सोळाच मोजतात. उरलेल्या चोवीसला वजन नाही.

ते चोवीस कसे जातात ते खान्देशात राहिल्याशिवाय कळणार नाही. आमच्यातले अर्धे अप-डाऊनवाले, कोणी जळगावहून अमळनेर, कोणी अमळनेरहून दोंडाईचा नाहीतर नंदुरबार, सुरत-भुसावळ लाइनीचा पास खिशात आणि पॅसेंजर लेट झाली की प्राचार्यांना फोन. जूनमध्ये ॲडमिशनसाठी खेड्यापाड्यात फिरायचं, बारावी झालेल्या पोराच्या ओट्यावर बसून त्याच्या बापाला समजवायचं की बीए करून पण काहीतरी होतं, कारण पोरं नाही आली तर तुकडी जाते, तुकडी गेली तर वर्कलोड जातो. दसऱ्यानंतर कापूस वेचणीला लागला की वर्ग ओस, हजेरी पंच्याहत्तर टक्के कशी दाखवायची हा प्रश्न. हिवाळ्यात एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प. मधूनच मतदार यादी, स्कॉलरशिपचे फॉर्म, कॉलेजच्या मूल्यांकनाची म्हणजे नॅकची फाईल. आणि एप्रिल-मे मध्ये परीक्षा, सुपरव्हिजन, मग कॅपला, म्हणजे पेपर तपासणीच्या केंद्रावर बसायचं. जळगावला मे महिन्यात ४४-४५ डिग्री असते, कूलर एक आणि त्याच्यासमोरची खुर्ची सिनियर माणसाची, बाकीच्यांनी ओला रुमाल मानेवर टाकून पेपर तपासायचे. यातला एक मिनिटही सोळात नाही.

हे इतकं सांगायचं कारण २०१३. त्या वर्षी ४ फेब्रुवारीपासून १० मेपर्यंत राज्यभर प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता. शिकवणं चालू होतं, तास सगळे झाले, फक्त परीक्षेचं काम बंद. शेवटी हायकोर्टात प्रकरण गेल्यावर मिटलं, पण सरकारने ७१ दिवसांचा पगार रोखला. सरकारची बाजू अशी की विद्यापीठ कायद्यात परीक्षेचं काम हे शिक्षकाचं कर्तव्यच आहे, ते केलं नाही म्हणजे काम केलं नाही. ऐकायला बरोबर आहे. मग वर्कलोड मोजताना तेच काम शून्य कसं धरतात? पोस्ट द्यायची तेव्हा परीक्षा हे काम नाही, पगार कापायचा तेव्हा परीक्षा हेच काम. पोरांचं नुकसान होत होतं, निकाल लांबत होते, हे खरंच आहे आणि गावात आम्हाला त्याबद्दल शिव्याही बसल्या. पण त्या ७१ दिवसांत मी रोज शिकवलंय, माझं टीचिंग डायरीचं पान एकही कोरं नाही.

बहिष्काराच्या मुळाशी जे होतं ते १९९१ चं. १९ सप्टेंबर १९९१ च्या यूजीसीच्या नियमाने लेक्चररला नेट ही देशपातळीवरची पात्रता परीक्षा लागायला लागली, पण तालुक्याच्या कॉलेजांना नेटवाला मिळणार कुठून, म्हणून एमएला ५५ टक्के असलेली माणसं जाहिरात देऊन, मुलाखत घेऊन, विद्यापीठाच्या अप्रूव्हलने घेतली गेली. असं ३ एप्रिल २००० पर्यंत चाललं. मी त्यातलाच, त्यामुळे इथे माझा तोल जाणार हे समजून घ्या. आम्ही शिकवत राहिलो, सोळा भरत राहिलो, आणि ती वर्षं प्रमोशनला मात्र धरायची नाहीत असं ठरलं. २७ जून २०१३ ला शासन निर्णय निघाला तो सेवा नियमित झाली म्हणणारा, पण कधीपासून, तर निर्णयाच्या तारखेपासून. सोळा वर्षं मी वर्गात घेतलेले तास कुठल्याच हिशोबात नव्हते म्हणा ना. माझ्याबरोबर त्याच महिन्यात लागलेला, सेट आधीच काढलेला मित्र तोवर माझ्या दोन पायऱ्या पुढे. त्याच्याबद्दल तक्रार नाही, त्याने अभ्यास केला होता.

मधे प्रमोशनसाठी गुण मोजणारं एपीआय येऊन गेलं, २०१० ते २०१८. त्यात प्रत्येक गोष्टीला पॉइंट, म्हणून दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे राष्ट्रीय चर्चासत्र, आणि घरोघरी सर्टिफिकेटांच्या प्लॅस्टिक फाईली. यावर खूप विनोद झालेत, मी भर घालत नाही. एवढंच की पहिल्यांदाच कोणीतरी त्या चोवीस तासांना आकडा लावला होता, वाईट लावला, पण लावला.

त्यानंतर सगळा इतिहास भरती बंदचा. २०१७ ला बंदी, नोव्हेंबर २०१८ ला ३५८० जागांना परवानगी, त्या अर्ध्या भरतात न भरतात तोवर कोरोना, परत बंद, मग नोव्हेंबर २०२१ ला उरलेल्या २०८८. जागा रिकामी राहिली की तिचा सोळा दोन सीएचबीवाल्यांत वाटायचा, नऊ-सात, नाहीतर आठ-आठ, म्हणजे एका पगाराच्या जागी दोन माणसं आणि दोघांच्या मिळून हातात येतं ते एका पगाराच्या आसपासही नाही. सकाळी एरंडोल, दुपारी धरणगाव अशी मोटरसायकलवर दोन कॉलेजं करणारे माझ्या ओळखीत तिघं आहेत. त्यांना दोन्हीकडे पोरं सरच म्हणतात, दोन्हीकडच्या मस्टरवर मात्र त्यांचं पान वेगळं.

नवीन धोरणात एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास, आणि हा तास साठ मिनिटांचा, त्यात शंका ठेवलेली नाही. त्यामुळे ४८ मिनिटांचा पिरियड बऱ्याच ठिकाणी गेला, आमच्याकडेही गेला. पण नेमकी दोन वर्षांपूर्वी आम्ही ऑटोमॅटिक बेल बसवली होती, ती अजून ८.१८ ला वाजते. बसवणारा भुसावळचा, तो फोन उचलत नाही, आणि सेटिंग कोणालाच जमत नाही. पहिल्या वर्षाची पोरं ८.१८ ला दप्तर आवरतात, मी म्हणतो बसा, अजून बारा मिनिटं आहेत.