गँट तक्ता

गँट तक्ता : कामाचे टप्पे काळाच्या आडव्या मापावर दंडांच्या रूपाने मांडून, ठरलेले काम आणि झालेले काम एकाच कागदावर दाखवणारा आलेख. खरेदी, उत्पादन, रवानगी अशा निरनिराळ्या विभागांच्या कामांचा मेळ घालण्यासाठी तो वापरतात. बांधकामाच्या साइटवर त्याला सरसकट ‘बार चार्ट’ म्हणतात. अमेरिकन अभियंते हेन्री लॉरेन्स गँट (१८६१–१९१९) यांच्या नावाने तो ओळखला जात असला, तरी त्याचे जनकत्व वादग्रस्त आहे.

उगम : रेषेच्या लांबीने काळ दाखवण्याची कल्पना जुनी आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी १७६५ मध्ये प्रसिद्ध व्यक्तींचे आयुष्यकाल अशा रेषांनी मांडले होते. कारखान्याच्या नियोजनासाठी तिचा वापर बहुधा प्रथम पोलिश अभियंते कारोल अदाम्येत्स्की (१८६६–१९३३) यांनी केला. त्यांच्या ‘हार्मोनोग्राम’चा काळ साधारणपणे १८९६ धरतात. त्यात प्रत्येक कामाची स्वतंत्र कागदी पट्टी असे. त्या कामाआधी कोणती कामे उरकायला हवीत आणि त्याच्यानंतर कोणती सुरू होतील, याची नोंद पट्टीवरच केलेली असे. त्यांचा यावरील पोलिश लेख १९३१ मध्ये आला. तोवर गँट यांचे नाव रूढ झाले होते. जर्मनीत हेरमान श्युर्ख यांनी १९१२ च्या सुमारास बांधकामाचे असेच तक्ते दिले. तेथे ते आधीपासून वापरात असावेत. कालानुक्रमे अदाम्येत्स्कींना अग्रमान देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. गँट यांनी कल्पना त्यांच्याकडून घेतली, असे मानण्यास मात्र आधार नाही.

गँट हे शास्त्रीय व्यवस्थापनाचे प्रवर्तक फ्रेडरिक टेलर यांचे अमेरिकेतील मिडव्हेल पोलाद कारखान्यातील सहकारी. त्यांचे सुरुवातीचे तक्ते प्रकल्पांचे नव्हतेच. कोणत्या कामगाराने दिवसाचे नेमून दिलेले काम पुरे करून बोनस मिळवला, याच्या त्या नोंदी होत्या. पहिल्या महायुद्धात दारूगोळा आणि जहाजबांधणीच्या कामांवर त्यांना पुढचे रूप आले. त्यांचे सहकारी वॉलेस क्लार्क यांनी १९२२ मध्ये यावर पुस्तक लिहिले आणि नाव पक्के झाले. अभियंते वॉल्टर पोलाकोव्ह यांच्यामार्फत ही पद्धत सोव्हिएत संघातही पोचली.

रचना : क्लार्क यांनी वर्णिलेल्या तक्त्यात दिवसाचा रकाना दुहेरी अर्थाचा असतो. त्याची पूर्ण रुंदी म्हणजे एक दिवस, तसेच त्या दिवसासाठी ठरवलेले सगळे काम. निम्मेच काम झाले, तर बारीक रेघ निम्म्या रकान्यापर्यंत जाते. खालची जाड रेघ एकूण झालेले काम दाखवते. यंत्रांच्या व कामगारांच्या तक्त्यांत रेघ तोकडी पडल्याचे कारण अक्षराने लिहीत : एम म्हणजे मालाची अडचण, आर म्हणजे दुरुस्ती, ए म्हणजे कामगार गैरहजर. ही अक्षरे पुढे मागे पडली. ठपका कोणावर ठेवायचा, हे त्यांच्यामुळे उघड होत असे. नव्या तक्त्यांत काम किती झाले याची फक्त टक्केवारी देतात; तिच्यात ती सोय नाही.

मर्यादा : साधा दंड कामांचे परस्परावलंबन सांगत नाही. सेंट्रिंग (स्लॅबसाठीचा तात्पुरता साचा व टेकू) सोमवार ते गुरुवार, सळई बांधणी शुक्रवार-शनिवार आणि रविवारी स्लॅब भरणे, असा बेत असेल आणि सेंट्रिंगची टोळी दोन दिवस उशिरा आली, तर तक्त्यावर फक्त एक दंड मागे पडलेला दिसतो. रविवारच्या काँक्रीटच्या गाड्या पुढे ढकलायला हव्यात, हे मुकादमाला स्वतःच ताडावे लागते. या उणिवेवर उपाय म्हणून कोणते काम कशावर अवलंबून आहे हे जाळ्याच्या आकृतीने दाखवणाऱ्या जाळे-पद्धती आल्या : ड्यूपाँट कंपनीतील ‘सीपीएम’ (क्रिटिकल पाथ मेथड, १९५७) आणि अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पातील ‘पर्ट’ (प्रोग्रॅम इव्हॅल्युएशन अँड रिव्ह्यू टेक्निक, १९५८). त्यांनी दंड-तक्ता हद्दपार केला नाही. जाळ्यावरून काढलेल्या तारखा पुन्हा दंडांतच मांडल्या जातात.

संगणकावरील तक्त्यांत दंडांना जोडणारे बाण असतात. गँट यांच्या तक्त्यांत ते नव्हते. अदाम्येत्स्कींच्या पट्ट्यांवर मात्र आधीच्या आणि नंतरच्या कामांची नोंद होती.