जड ट्रेलर ओढायचाय: पेट्रोल ट्रक की डिझेल?

‘डिझेलला ओढ, पेट्रोलला पळ’ हे आपल्याला पाठच असतं. खोटं नाही, पण त्यात टॉर्क आणि हॉर्सपॉवर यांची खिचडी होते. टॉर्क म्हणजे क्रँकशाफ्टला, इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, बसणारा पीळ. तो पीळ मिनिटाला किती फेऱ्या मारून घेतो, हे धरलं की हॉर्सपॉवर निघते. चढावर तुम्ही किती वेगानं जाल हे शेवटी हॉर्सपॉवर ठरवते. टॉर्क कमी पडला तर खालचा गिअर टाकून चाकांपाशी वाढवता येतो.

मग डिझेलचा एवढा बोलबाला का? २०२० सालचा फोर्ड सुपर ड्युटी घ्या. ट्रक एकच, इंजिनं दोन. ७.३ लिटर पेट्रोल ४३० हॉर्सपॉवर देतं, ६.७ लिटर डिझेल ४७५. इथे फरक फारसा नाही. पण पेट्रोलचा टॉर्क ४००० आरपीएमला (मिनिटाला ४००० फेऱ्यांवर) सुमारे ६४४ न्यूटन-मीटर, आणि डिझेलचा १६०० आरपीएमलाच सुमारे १४२४. म्हणजे १६०० फेऱ्यांवर डिझेलकडे जवळपास ३२० हॉर्सपॉवर तयार असते. पेट्रोलचा सगळाच्या सगळा टॉर्क तिथे मिळाला असं धरलं तरी आकडा १४५च्या पुढे जात नाही.

आता ट्रक आणि ट्रेलर मिळून ८ टन वजन, ६ टक्के चढ आणि ताशी ७० किलोमीटर वेग धरा. नुसतं वजन वर न्यायलाच सुमारे १२३ हॉर्सपॉवर लागते, वारा आणि टायरचं घर्षण वेगळं. डिझेल हे वरच्या गिअरमध्ये गुरगुरत करतं. पेट्रोलवाला तोच चढ त्याच वेगानं चढतो, पण गिअरबॉक्स दोन-तीन गिअर खाली येतो, काटा ४०००च्या आसपास जातो आणि केबिनमधल्या गप्पा बंद पडतात. इंजिन बिघडलेलं नसतं, ते तसंच चालायला बनवलेलं असतं. नवखा माणूस मात्र आवाजाला घाबरून पाय काढतो आणि मग गाडी खरंच मंदावते.

उंचीवर मात्र गोष्ट बदलते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं, कारण हवाच विरळ होते. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, तो ही तूट बरीचशी भरून काढतो. आजच्या ट्रकमधल्या डिझेलला टर्बो असतोच. पेट्रोलला असेल तर इथे तोही मागे राहत नाही. त्यामुळे डोंगराळ भागात नुसतं ‘पेट्रोल’ म्हणून भागत नाही, टर्बो आहे का ते विचारावं.

उताराचं कुणी विचारतच नाही, आणि मला तीच मोठी चूक वाटते. पाय काढला की पेट्रोल इंजिनचा थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, मिटतो, आत निर्वात पोकळी तयार होते आणि गाडी आपसूक रोखली जाते. डिझेलचा वेग हवा अडवून नाही, इंधन कमी करून सांभाळतात, म्हणून नुसतं डिझेल उतारावर जवळजवळ मोकळं सुटतं. त्यावरचा इलाज एक्झॉस्ट ब्रेक. तो टर्बोची पाती मिटवून धूर कोंडतो, इंजिनच गाडीला मागे खेचतं आणि चाकांचे ब्रेक थंड राहतात. लांब उतारावर ट्रेलर मागून ढकलत असताना मला हा ब्रेक जास्तीच्या शंभर हॉर्सपॉवरपेक्षा मोलाचा वाटतो.

इंधनात डिझेल सरस. लिटरमागे ऊर्जा सुमारे १२ टक्के जास्त, शिवाय जळण्याची कार्यक्षमताही वरची. पण ट्रक एरवी जवळच्या फेऱ्याच मारत असेल तर काजळी पकडणारा फिल्टर नीट तापत नाही, साचलेली काजळी जळत नाही आणि तो तुंबतो. वर्षातून चार वेळा ट्रेलर जोडणाऱ्याने म्हणूनच बिनधास्त पेट्रोल घ्यावं. दर आठवड्याला डोंगर ओलांडणाऱ्याने डिझेल.

आणि घेण्याआधी दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचा. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार दांडीवाटे ट्रकवर येतो, म्हणजे ४ टनांच्या ट्रेलरचे ४०० ते ६०० किलो. डिझेल इंजिन मुळातच जड, त्यामुळे ट्रकची एकूण वजनमर्यादा तीच असेल तर त्या पट्टीवरचा माणसं-सामानाचा आकडा डिझेलमध्ये कमी असतो. कधीकधी ओढायची ताकद भरपूर असते, पण चार माणसं आणि दांडीचा भार मिळूनच मर्यादा संपते.