सिंगापूर : मंत्र्यांच्या वेतनाचा वाद

सिंगापूरमध्ये पंतप्रधान, मंत्री व संसद सदस्य यांना किती वेतन असावे आणि ते कोणत्या मापाने ठरवावे, याविषयी साधारणतः १९८० च्या दशकापासून चालत आलेला सार्वजनिक वाद. सुमारे ७३५ चौ. किमी. क्षेत्रफळाच्या आणि साठ लाखांच्या आसपास वस्तीच्या या नगरराज्यातील मंत्र्यांचे वेतन जगातील लोकनियुक्त पदाधिकाऱ्यांत सर्वाधिक गणले जाते. वाद वरवर रकमेचा दिसतो. पण मंत्र्याची तुलना बड्या बँकरशी करायची, वरिष्ठ सनदी अधिकाऱ्याशी करायची की सामान्य नोकरदाराशी, हा त्यातला खरा प्रश्न आहे. या नोंदीतील रकमा सिंगापूर डॉलरमध्ये आहेत.

उगम : भरघोस वेतन दिले की अधिकारी लाच घेत नाही, या विचाराचे मूळ कोठे शोधावे याबद्दल मतभेद आहेत. एक मत ते चीनकडे नेते. चिंग घराण्यातील योंगझेंग सम्राटाने (कार. १७२२–३५) प्रांतिक अधिकाऱ्यांना मूळ वेतनाखेरीज ‘यांग-लिएन’, म्हणजे सचोटी जोपासण्यासाठीची चांदी, देण्याची पद्धत रूढ केली. करात आलेली चांदी वितळवताना घट येते या सबबीवर अधिकारी रयतेकडून जादा वसुली करीत. ती वसुली सम्राटाने नियमित करून तिचाच हिस्सा अधिकाऱ्यांना उघडपणे वाटला. त्याच शतकाच्या अखेरीस हेशेनसारखा कुप्रसिद्ध लाचखाऊ मंत्री त्याच घराण्याच्या राजवटीत निपजला, हे मात्र या मताचे पुरस्कर्ते सहसा सांगत नाहीत.

दुसरे मत ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराकडे बोट दाखवते. गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस (कार. १७८६–९३) याने बंगालमधील कंपनीच्या नोकरांचा खाजगी व्यापार बंद करून त्यांचे पगार वाढवले, जिल्हा कलेक्टरला दरमहा १,५०० रुपये व वसुलीवर सुमारे एक टक्का दलाली ठरली. सिंगापूरचा कारभार १८६७ पर्यंत भारतातील कंपनी व नंतर ब्रिटिश सरकारच्या अखत्यारीत होता. त्यामुळे हा दुवा चिनी दुव्याहून कागदोपत्री अधिक घट्ट आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील वेतनयादीचा (अधिकरण ५, अध्याय ३) दाखलाही काही भारतीय लेखक देतात. तीत मंत्री, पुरोहित, सेनापती, युवराज इत्यादींना ४८,००० ‘पण’ (तत्कालीन नाणे) सांगितले असून एवढ्या वेतनात ते कोणाच्या चिथावणीला बळी पडत नाहीत आणि असंतुष्टही होत नाहीत, असे कारण दिले आहे. ही रक्कम वार्षिक की मासिक याबद्दल एकमत नाही. वार्षिक मानणे अधिक सयुक्तिक वाटते. विचारांचे साम्य लक्षणीय असले, तरी सिंगापूरच्या धोरणावर याचा प्रत्यक्ष प्रभाव दाखवता येत नाही.

तिसरे मत अधिक ग्राह्य दिसते. त्यानुसार हे धोरण जुन्या परंपरेतून आले नसून १९७० नंतर खाजगी क्षेत्रातील पगार झपाट्याने वाढल्यावर कर्तबगार माणसे सरकारात येईनाशी झाली, त्यातून आले. कालक्रमही याला पुष्टी देतो. भ्रष्टाचार अन्वेषण विभाग १९५२ मध्ये स्थापन झाला आणि कडक लाचलुचपत प्रतिबंधक कायदा १९६० मध्ये आला. त्या काळात मंत्र्यांचे वेतन बेताचेच होते : १९७० पर्यंत मंत्र्याला दरमहा २,५०० डॉलर मिळत, त्या वर्षी ते ४,५०० झाले, तर पंतप्रधान ली क्वान यू यांनी स्वतःचे वेतन ३,५०० वरच ठेवले. म्हणजे स्वच्छ कारभार आधी आणि मोठे पगार नंतर, असा क्रम लागतो. जॉन एस. टी. क्वा यांच्यासारखे अभ्यासकही पगारापेक्षा निःपक्षपाती तपासयंत्रणा व राज्यकर्त्यांची इच्छाशक्ती यांना अधिक श्रेय देतात.

सूत्र : संसदेतील पहिली मोठी चकमक सामान्यतः १९८५ ची धरतात. वर्कर्स पार्टी या विरोधी पक्षाचे जे. बी. जेयारत्नम यांनी मलेशियाच्या पंतप्रधानांच्या वेतनाशी तुलना करून वाढीवर टीका केली. ली यांनी उत्तरादाखल आपल्या वेतनाचे समर्थन केले. तिसऱ्या जगातील पंतप्रधानांत आपले वेतन सर्वांत मोठ्यांपैकी असले, तरी संपत्ती सर्वांत कमी असणाऱ्यांत आपण मोडतो, असा त्यांचा मुद्दा होता.

दरवेळी वाढीचा ठराव मांडून टीका ओढवून घेण्याऐवजी कायमचे सूत्र असावे, या हेतूने गोह चोक टोंग सरकारने ऑक्टोबर १९९४ मध्ये श्वेतपत्रिका मांडली. बँकिंग, लेखापरीक्षण, अभियांत्रिकी, वकिली, स्थानिक कारखानदारी व बहुराष्ट्रीय कंपन्या या सहा क्षेत्रांतील प्रत्येकी पहिल्या चार मिळकतदारांच्या सरासरीच्या दोन-तृतीयांश एवढे वेतन, हा तिचा गाभा. २००० मध्ये चाराऐवजी आठ जण घेऊन सरासरीच्या जागी मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य) धरण्यात आला; ४८ व्यक्तींचा हा मध्यक पुढे वादाचे केंद्र बनला. आक्षेप सरळ होता : या यादीतील माणसे दरवर्षी बदलतात. एखादा वकील एका वर्षी अफाट कमावतो आणि पुढच्या वर्षी यादीतून गळतो. मंत्र्याचे वेतन मात्र नेहमी शिखरावरच्या माणसांशी बांधलेले राहते. या आक्षेपाला समाधानकारक उत्तर मिळाल्याचे दिसत नाही.

२००७ व २०११ : एप्रिल २००७ मध्ये पंतप्रधान ली स्येन लूंग यांचे वार्षिक वेतन सुमारे २५ लाखांवरून ३१ लाखांवर, तर कनिष्ठतम श्रेणीच्या मंत्र्याचे सुमारे १२ लाखांवरून १६ लाखांवर नेण्याचे ठरले. त्याच वर्षी जुलैपासून वस्तू व सेवा कर ५ वरून ७ टक्के होणार असल्याने लोकांचा रोष तीव्र होता. आपली वाढ पाच वर्षे सत्कार्याला देऊ, असे ली यांनी जाहीर केले.

मे २०११ च्या निवडणुकीत सत्ताधारी पीपल्स ॲक्शन पार्टीची मते ६०.१ टक्क्यांवर घसरली व ॲल्जुनीड हा बहुसदस्यीय मतदारसंघ हातचा गेला. घरांच्या किमती व परदेशी कामगारांची संख्या यांइतकाच मंत्र्यांचा पगार प्रचारात गाजला होता. निकालानंतर दोनच आठवड्यांत जेरार्ड ई यांच्या अध्यक्षतेखाली पुनर्विचार समिती जाहीर झाली. सूत्रांनी भरलेल्या विषयात जनमताने नियम बदलायला लावला, म्हणून हा प्रसंग सिंगापूरच्या राजकारणात मोलाचा आहे.

जानेवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने सर्वाधिक मिळकतीच्या १,००० सिंगापूर नागरिकांचा मध्यक घेऊन त्यातून ४० टक्के वजा करण्याची शिफारस केली. ही वजावट म्हणजे लोकसेवेसाठीचा त्याग, अशी समितीची भूमिका होती. त्यानुसार मूळ श्रेणीच्या मंत्र्याचे वार्षिक वेतन ११ लाख ठरले. ही रक्कम बांधली आहे ती अशी : मासिक ५५,००० डॉलर, बारा महिन्यांचे वेतन, तेरावा महिना, सर्वसाधारण स्थितीत एक महिन्याचा बदलता वार्षिक घटक, तीन महिन्यांचा कामगिरी बोनस व तीन महिन्यांचा राष्ट्रीय बोनस, एकूण वीस महिने. राष्ट्रीय बोनस चार निर्देशकांना जोडला : मध्यक उत्पन्नाची वास्तव वाढ, तळच्या २० टक्क्यांच्या उत्पन्नाची वास्तव वाढ, बेरोजगारीचे प्रमाण आणि वास्तव राष्ट्रीय उत्पादनवाढ. गरिबांच्या मिळकतीशी मंत्र्याचा बोनस जोडणे ही या अहवालाची सर्वांत चांगली सूचना होय. पंतप्रधानांचे मूल्यमापन करणारा वरिष्ठ कोणी नसल्याने त्यांना कामगिरी बोनस नाही. त्यांचे वेतन मंत्र्याच्या दुप्पट, २२ लाख ठरले. राष्ट्राध्यक्षांचे निम्म्याहून अधिक घटून १५.४ लाखांवर आले. संसद सदस्यांचा वार्षिक भत्ता १,९२,५०० ठरला.

वर्कर्स पार्टीने निराळे माप सुचवले : संसद सदस्याचा भत्ता सनदी सेवेतील एका वरिष्ठ श्रेणीच्या मासिक ११,००० डॉलरशी जोडावा, मंत्र्याला त्याच्या पाचपट व पंतप्रधानांना नऊपट द्यावे. यातही मंत्र्याचा मासिक पगार ५५,००० च येतो. त्यामुळे विरोधकांचा प्रस्ताव पोकळ ठरल्याची टीका झाली. ती एकांगी आहे. श्रीमंतांच्या मिळकतीऐवजी सरकारी सेवेतून वर चढत जाणारे माप धरणे, हा तत्त्वाचा फरक होता.

सवलती : धोरणानुसार सर्व मोबदला पगारातच दिला जातो. मंत्र्यांना सरकारी बंगला वा मोटार नाही आणि २०१२ च्या सुधारणेत निवृत्तिवेतनही गेले. पंतप्रधानांसाठी ‘श्री तेमासेक’ हे निवासस्थान आहे, परंतु आजवर एकही पंतप्रधान तेथे राहिलेला नाही.

पुढील घडामोडी : २०१८ मधील फेरआढाव्यात माप १२ लाखांपर्यंत वाढल्याचे दिसले, तरी सरकारने वेतन वाढवले नाही. २०२० मध्ये कोविड साथीत मंत्र्यांनी तीन महिन्यांच्या वेतनाइतकी कपात स्वीकारली.

पगार व सचोटी यांचा संबंध वादात पुनःपुन्हा येतो. राज्यमंत्री वी टून बून १९७५ मध्ये, म्हणजे पगार बेताचे असताना, दोषी ठरले. मंत्री ते चियांग वान यांनी चौकशी चालू असताना डिसेंबर १९८६ मध्ये आत्महत्या केली, तेव्हा पगार वाढलेले होते. वाहतूक मंत्री एस. ईश्वरन यांना जुलै २०२३ मध्ये अटक झाली. रजेच्या काळात त्यांचे वेतन मासिक ८,५०० डॉलरवर आणले गेले, पण संसद सदस्याचा भत्ता चालू राहिला. त्यावरून त्यांना सभागृहातून निलंबित करण्याचा विरोधी प्रस्ताव त्या वर्षी सप्टेंबरमध्ये फेटाळला गेला. जानेवारी २०२४ मध्ये आरोपपत्र दाखल झाल्यावर त्यांनी राजीनामा दिला व अटकेनंतर मिळालेले वेतन आणि भत्ता परत करण्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना १२ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली.