थंडीतले हट्टी इंजिन आणि हरवलेली उष्णता

खिंडसीसारख्या जलाशयावर बोटीच्या पोटात बसवलेले जुने डिझेल इंजिन मे महिन्यात पहिल्याच सेल्फला सुरू होते, पण डिसेंबरच्या सकाळी नागपूर परिसरातला पारा १० अंशांजवळ आला की तेच इंजिन बॅटरी बसेपर्यंत दाद देत नाही. दोष सहसा थंडीला दिला जातो. वास्तविक सुस्थितीतल्या डिझेल इंजिनाला १० अंशांची थंडी जड जाऊ नये. ती फक्त झीज उघडी पाडते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा साधारण अठरा पट दाबली जाते आणि त्या दाबानेच ती इतकी तापते की फवारलेले डिझेल पेट घेते. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक गरम होते, त्यामागचे तत्त्व हेच. या दाबात हवेचे निरपेक्ष (केल्विनमधले) तापमान, भिंतींत जाणारी उष्णता वजा करूनही, सव्वादोन ते अडीच पट होते. त्यामुळे सुरुवातीला ४० ऐवजी १० अंशांची हवा मिळाली, तर ३० अंशांची ही तूट दाबाच्या शेवटी सुमारे ७० अंशांची होते. त्यात पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतील तर हवा निसटते, आणि इंजिन संथ फिरत असेल तर निसटायला व थंड भिंतींना उष्णता द्यायला तिला जास्त वेळ मिळतो.

म्हणूनच डिझेलचा पंप आणि ते फवारणारे नोझल खोलण्याआधी इंजिन किती वेगाने फिरते, ते पाहणे शहाणपणाचे. सेल्फ २०० अँपिअर प्रवाह ओढत असताना जोडणीत केवळ ०.०१ ओहम रोध असला, तरी १२ व्होल्टच्या बॅटरीतले २ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बोटीच्या तळाशी कायम ओल असल्याने तारेच्या टोकाच्या तांब्याच्या कडीवर (लगवर) हिरवा थर चढतो आणि नेमका एवढा रोध सहज निर्माण होतो, जो साध्या तपासणीत दिसत नाही, कारण त्याच तारेवर दिवा व्यवस्थित लागतो. सेल्फ फिरत असताना मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी सेल्फच्या टर्मिनलवर धरावी. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा संशयास्पद समजावा. ऋण टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्येही हीच चाचणी करावी. ती बहुतेक जण विसरतात.

वेग ठीक असेल तर धुराकडे पाहावे. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोहोचते आहे, पण पेटत नाही. अशा वेळी ग्लो प्लग (सुरू करताना सिलिंडर तापवणारी विजेची कांडी), कॉम्प्रेशन म्हणजे हवेचा दाब किंवा टायमिंग म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ तपासावी लागते. धूरच नसेल तर डिझेल पोहोचत नाही. टाकी इंजिनाच्या खालच्या पातळीवर असलेल्या बोटीत पंप डिझेल ओढून घेतो, त्यामुळे सैल जोडातून तेल बाहेर न गळता हवा आत शिरते, आणि जोड कोरडा दिसला म्हणून तो निर्दोष ठरत नाही. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात चटकन पेटणाऱ्या ईथरचा फवारा मारण्याचा उपाय मात्र धोक्याचाच. तो अवेळी पेटून पिस्टन फोडू शकतो.

ज्या बोटीत तलावाचे पाणी एक्झॉस्टमध्ये सोडले जाते, तिथे वारंवार सेल्फ मारताना पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा. इंजिन चालू नसल्याने ते पाणी बाहेर ढकलणारा वायू नसतो. ते मफलरमध्ये साठत जाऊन उलट सिलिंडरमध्ये शिरते, आणि पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन सुरू होताच मात्र व्हॉल्व्ह लगेच उघडावा, नाहीतर पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा कोरडा फिरून फाटतो.