अपग्रेडनंतर प्रत कुठून पुढे चालते?

समजा, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर उतरणाऱ्या मासळीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका मच्छीमार संस्थेचा मुख्य डेटाबेस रत्नागिरीत आहे आणि त्यातील निवडक तक्त्यांची चालती प्रत मालवणच्या शाखेत आहे. सुरमईचा लिलाव इकडे नोंदला गेला, की काही क्षणांत तो तिकडे दिसतो. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत ही सोय २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आहे आणि तिला लॉजिकल रेप्लिकेशन म्हणतात.

आवृत्ती बदलताना तक्त्यांतील माहिती सुखरूप जाते. हरवत असे ती मालवणने कुठवर वाचले याची खूण. पाठवणाऱ्याकडे ती ‘स्लॉट’मध्ये असते. पूर्वी पीजी-अपग्रेड हे आवृत्ती बदलणारे साधन स्लॉट मागेच टाकत असे आणि मग मधल्या काळातले काही सुटले तर नाही ना, हे स्वतःच तपासत बसावे लागे, नाहीतर सगळे तक्ते पुन्हा उतरवून घ्यावे लागत. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या सतराव्या आवृत्तीपासून हे साधन स्लॉट आणि घेणाऱ्याकडची स्थिती, दोन्ही जपते.

मात्र त्याची एक अट नीट समजून घ्यायला हवी. बदलांची जुनी नोंदवही नव्या आवृत्तीत जात नाही; स्लॉट तिथे नव्याने तयार होतो. पोथीची नवी प्रत आणली आणि तिच्यात मागची पानेच नसली, तर जुने वाचन आधी संपवूनच खूण पुढे ठेवावी लागते, तसेच हे आहे. म्हणून रत्नागिरीतले लेखन थांबवावे, मालवणला शेवटचा बदल पोचू द्यावा, मगच तिथले सबस्क्रिप्शन (बदल मागवत राहणारी जोडणी) बंद करून रत्नागिरीचा सर्व्हर थांबवावा. एखादा बदल पोचायचा राहिला असेल, तर पीजी-अपग्रेड त्या स्लॉटचे नाव सांगून काम नाकारते, आणि ते योग्यच आहे. (१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत लिलाव थंडावलेले असतात, तेव्हा हे काम उरकणे सोपे.) नव्या सर्व्हरवर वॅल-लेव्हल (बदलांच्या नोंदवहीत किती तपशील लिहायचा हे ठरवणारी सेटिंग) ‘लॉजिकल’ हवी आणि स्लॉटची कमाल संख्या पुरेशी हवी.

कार्यपद्धती लिहून ठेवणाऱ्याने आज्ञांच्याही आधी एक वाक्य लिहावे: जुना सर्व्हर सतराव्या किंवा त्यापुढच्या आवृत्तीचा असला, तरच स्लॉट जपले जातात. पंधरावरून अठरावर जाणाऱ्याला हे साधन अडवत नाही आणि स्लॉट मागे राहिल्याचे सांगतही नाही. मालवणच्या लॉगमध्ये ‘असा स्लॉट अस्तित्वात नाही’ अशी त्रुटी दिसू लागते, तेव्हाच ते उघड होते.