विमानाचे बोल्ट कसले का नाही, हे कोण पाहतं?

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 ला मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हा आमच्या इकडच्या गावांत लय आनंद झाला होता, पोट्टे नोकरीला मुंबई-पुण्याला अन मायबाप इथं वावरात, एकदा तरी विमानात बसून लेकाकडं जाऊ असं बोलणं कितीतरी घरांत चालू होतं. आणि दोनच महिन्यांत, 12 जूनला, अहमदाबादला एअर इंडियाचं बोइंग 787 पडलं. विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19 असे 260 लोक गेले, आतला एकच प्रवासी वाचला. तो व्हिडिओ मोबाईलवर इतका फिरला की ज्यांनी जन्मात विमान जवळून पाहिलं नाही त्यांच्याही डोक्यात तो पक्का बसला, आणि मग ‘नको बावा, आपली रेल्वेच बरी’ सुरू झालं.

या भीतीला हसणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. आमच्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत, ते म्हणाले, “उडाचं मले भेव नाही भाऊ, पण ज्यानं ते जोडलं त्यानं सारे बोल्ट कसले का नाही, हे कोन पाह्यते?” माझ्या मते विमानाबद्दल विचारावा असा हाच खरा प्रश्न आहे, कारण अपघातांची चौकशी करणारे लोकही शेवटी हेच विचारत बसलेले असतात.

आधी डिझाइनचं सांगतो. विमानाच्या आयुष्यात पंखावर जास्तीत जास्त जेवढा भार येईल असं धरलेलं असतं त्याच्या दीडपट भार पंखानं सोसला पाहिजे असा नियमच आहे, आणि तो नुसता कागदावर मोजत नाहीत, अख्खं विमान जमिनीवर उभं करून पंख खरंच वाकवून पाहतात. बोइंग 777 चे पंख जानेवारी 1995 मध्ये मुद्दाम मोडेपर्यंत वाकवले होते, ते 154 टक्के भारावर मोडले, तोवर पंखाचं टोक जवळजवळ 24 फूट वर गेलं होतं. म्हणून खिडकीतून पंख हलताना दिसला की पोटात गोळा येतो खरा, पण तो हलावा असाच बनवलेला असतो, न हलणारा ताठ पंखच लवकर तडकेल.

पण मिस्त्रींचा प्रश्न डिझाइनचा नव्हता, जोडणीचा होता. 747 सारख्या मोठ्या विमानात साठ लाखांच्या आसपास भाग असतात आणि त्यातले निम्मे नुसते रिबीट, स्क्रू, बोल्ट. एवढ्यात एकही चुकणार नाही असं कोणी म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. सारी पद्धत उभी आहे ती माणूस चुकणारच हे धरून: बोल्ट अंदाजानं कसायचा नाही, किती ताकदीनं कसला ते दाखवणाऱ्या टॉर्क रेंचनं कसायचा, तो रेंचही ठरावीक दिवसांनी तपासून आणायचा, काम झालं की सही-शिक्का, महत्त्वाच्या जागी दुसऱ्या माणसाची वेगळी तपासणी, आणि हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्याच्या आकाराची खाच कापलेली, म्हणजे संध्याकाळी एक खाच रिकामी दिसली तर तो पाना सापडेपर्यंत विमान सोडायचं नाही. यातलं काही दूर परदेशातच होतं असंही नाही, 787 च्या फ्लोअर बीम, म्हणजे प्रवाशांच्या पायाखालच्या कार्बन फायबरच्या तुळया, आपल्या नागपूरच्या मिहान या उद्योग-क्षेत्रात बनवल्या गेल्यात, आणि बोइंगनं एअर इंडियासाठी उभारलेलं विमान-देखभालीचं केंद्रही तिथंच आहे.

आता ही पद्धत मोडली की काय होतं ते जवळून पाहा. 5 जानेवारी 2024, अमेरिकेतलं पोर्टलंड, अलास्का एअरलाइन्सचं अगदी नवं बोइंग 737 मॅक्स 9, आत 177 माणसं. पंधरा हजार फुटांच्या आसपास असताना डाव्या बाजूचा भिंतीचा एक तुकडाच उडून गेला. या विमानात एका जागी जास्तीचं दार बसवायची सोय असते आणि ज्या कंपनीला ते दार नको तिच्यासाठी तिथं झाकण बसवतात, त्याला डोअर प्लग म्हणतात. हे झाकण वर सरकलं तरच निघतं, आणि ते वर सरकू नये म्हणून चार बोल्ट असतात, त्यांना खाचेचे नट आणि नट सुटू नये म्हणून त्यातून आरपार कॉटर पिन, हो, तीच कॉटर पिन जी आपल्या ट्रॅक्टरलाही असते. चौकशीत निघालं की चारही बोल्ट बसवलेलेच नव्हते. विमानाचा सांगाडा विचिटा शहरातल्या दुसऱ्या कारखान्यातून आला तेव्हा त्या झाकणाजवळचे पाच रिबीट खराब होते, ते बदलायला सिअॅटलजवळच्या रेंटनमधल्या बोइंगच्या कारखान्यात सप्टेंबर 2023 मध्ये झाकण उघडलं, रिबीट नीट झाले, झाकण परत लावलं आणि बोल्ट राहिले. कारण काय, तर झाकण उघडल्याची जी नोंद व्हायला हवी होती ती झालीच नाही, आणि उघडल्याची नोंदच नाही म्हटल्यावर बंद केल्यावर तपासायचं कोणाच्या यादीत येणार! ऑक्टोबरअखेर विमान कंपनीला मिळालं, ते उडत राहिलं आणि झाकण थोडं थोडं वर सरकत राहिलं. नशीब असं की झाकणाला लागूनच्या दोन्ही सीट त्या दिवशी रिकाम्या होत्या आणि कोणी मेलं नाही. त्यानंतर अमेरिकेच्या विमान खात्यानं बोइंगला महिन्याला 38 पेक्षा जास्त 737 मॅक्स बनवायची बंदी घातली, आणि मला तो निर्णय फार योग्य वाटतो, कारण घाईत पहिला बळी नोंदवहीचाच जातो.

मिस्त्रींना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, “रात्रपाळीत असंच होते.” त्यांना ब्रिटनमधली 1990 ची गोष्ट माहीत नव्हती तरी ते बरोबर बोलले. 10 जून 1990 ला ब्रिटिश एअरवेजच्या 5390 नंबरच्या विमानाची समोरची काच साडेसतरा हजार फुटांच्या जवळ निघून गेली आणि कॅप्टन कंबरेपर्यंत बाहेर ओढला गेला, केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, दुसऱ्या पायलटनं साउदॅम्प्टनला विमान उतरवलं, सगळे 87 जण जिवंत, कॅप्टनसुद्धा. ती काच 27 तासांआधीच, रात्रपाळीत, बदलली होती, बदलणाऱ्यानं पुस्तकात नंबर न पाहता जुना बोल्ट हातात धरून त्याच्यासारखे दिसणारे नवे घेतले. नव्वदपैकी 84 बोल्टांची जाडी पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी फरकानं लहान होती, नुसत्या डोळ्याला तो फरक दिसणं अवघड. आणि त्या काचेच्या कामाला दुसऱ्या माणसाची तपासणी लागत नव्हती.

सगळ्यात वाईट गोष्ट मात्र बोल्टची नाही, डिझाइन लपवण्याची आहे. 737 मॅक्सची दोन विमानं पडली, 29 ऑक्टोबर 2018 ला इंडोनेशियात आणि 10 मार्च 2019 ला इथिओपियात, मिळून 346 माणसं गेली. त्यात एक सॉफ्टवेअर होतं, एमकॅस, ते एकाच सेन्सरचं ऐकून विमानाचं नाक खाली दाबायचं, आणि पायलटांच्या पुस्तकात त्याचा पत्ता नव्हता. विमानात सगळं डबल-डबल ठेवायचा दंडक असताना हे एका सेन्सरवर सोडलं, याचा मला आजही राग येतो. नंतर जगभर ती विमानं उभी राहिली आणि दोन्ही सेन्सर जुळले तरच काम करेल असा बदल झाला.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की तू भीती घालवतो का वाढवतो. पण हे तुम्हाला माहीत आहे यातच काहीतरी आहे. विमान पडलं की तुकडा तुकडा गोळा होतो, रिपोर्ट छापला जातो, आणि जगातल्या त्या जातीच्या प्रत्येक विमानात दुरुस्ती करावी लागते. 1954 मध्ये कॉमेट नावाची जेट विमानं हवेतच फुटली तेव्हा इंग्लंडात अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून दाब पुन्हा पुन्हा वाढवला-कमी केला आणि धातू थकून तडकतो हे सिद्ध केलं, त्या चौकशीतला धडा आजच्या विमानांच्या रचनेत आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्रा. अर्नोल्ड बार्नेट यांच्या हिशोबानं 1968 ते 1977 मध्ये साडेतीन लाख वेळा प्रवासी विमानात चढले की एक मृत्यू असं प्रमाण होतं, 2018 ते 2022 मध्ये ते 1 कोटी 37 लाखांमागं एक झालं. आणि आपल्या देशात 2022 या एका वर्षात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली, रोजचे साडेचारशेच्या वर. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला चाललेली बस पेटली, 25 जण गेले, ते आपलेच लोक होते. रस्त्यावरच्या मरणाची अशी तुकड्या-तुकड्यांची चौकशी कधी झालेली तुम्ही पाहिली का? मला ही गोष्ट विमानाच्या भीतीपेक्षा जास्त खुपते.

तरी आकडे ऐकून भीती जात नाही, हेही खरं. मोटारसायकलचं हँडल आपल्या हातात असतं, विमानात आपण नुसते बसलेले. त्यात शरीर फसवतं. उड्डाणानंतर मिनिटभरात पायलट इंजिनाचा जोर ठरवून कमी करतो, आवाज उतरतो, चढण जरा सौम्य होते, आणि कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं की आपण पडतोय, तेव्हा विमान वरच चढत असतं. त्याच्या आधी खालून धाडकन आवाज येतो, तो चाकं पोटात घेतल्याचा.

बेलोऱ्याचं विमान एटीआर 72, त्याला सहा पात्यांचे पंखे दिसतात म्हणून लोकांना ते जुनाट वाटतं. तसं नाही, त्या पंख्यामागं टर्बाइन इंजिनच आहे, आणि धावपट्टीवर ठरलेल्या वेगानंतर एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर उडून परत उतरता आलंच पाहिजे, त्याशिवाय प्रवासी विमानाला परवानगीच मिळत नाही. ते मोठ्या जेटपेक्षा खालून उडतं म्हणून हादरे जास्त जाणवतात, त्यात आपल्याकडं मे महिन्यात 45 डिग्रीला जमीन तापली की दुपारी गरम हवेचे लोट वर उठतात. पहिल्यांदा बसणार असाल तर जमलं तर सकाळचं विमान घ्या, सीट पंखाजवळची मागा, तिथं हेलकावे कमी लागतात, आणि बेल्ट पूर्णवेळ लावलेला राहू द्या, कारण हादऱ्यांत लागतं ते बहुतेक बेल्ट सोडलेल्यांनाच. कोणी वेड्यासारखं वर गेल्यावर दार उघडलं तर, ही भीती मला बऱ्याच जणांनी सांगितली. वर आतला दाब बाहेरच्यापेक्षा इतका जास्त असतो की दारावर कित्येक टनांचा जोर येतो, माणसाच्या हातानं ते हलत नाही. बसल्यावर एअर होस्टेसला सरळ सांगा की पहिल्यांदाच बसतोय अन भेव वाटतंय, त्यांना हे रोजचं आहे. उतरताना कान दाटले तर थुंकी गिळत राहा, आणि तान्हं लेकरू सोबत असेल तर विमान खाली यायला लागलं की त्याला दूध पाजा.